वडिलांच्या नावावर ‘पडून असलेले’ पैसे: माहिती खरी, माणूस खोटा

मला एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. वडिलांचं पूर्ण नाव, तीस वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता आणि एका कंपनीच्या शेअर्सचा फोलिओ नंबर (कंपनीच्या नोंदीतला भागधारकाचा खाते क्रमांक) त्यांनी बिनचूक सांगितला. शेअर्स आणि साठलेला लाभांश मिळून अकरा लाख रुपये ‘सरकारजमा’ झालेत, महिनाअखेरपर्यंत दावा केला नाही तर ते कायमचे जातील आणि फाईल उघडायला १८,५०० रुपये भरावे लागतील, असं त्यांचं म्हणणं. व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेचं पत्रसुद्धा आलंय. ‘त्यांना इतकी माहिती आहे म्हणजे काहीतरी खरं असणारच ना?’

हो, काहीतरी खरं असू शकतं. शेअर्स खरे असू शकतात, फोलिओ नंबरही खरा असू शकतो. पण एवढ्यावरून तो माणूस खरा ठरत नाही. मी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी मयत खातेदारांचे दावे तपासण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरही लोक हेच कागद घेऊन घरी येतात. फसलेल्यांपैकी बहुतेकांचं एकच वाक्य असतं: ‘साहेब, त्याला सगळं माहीत होतं हो!’ म्हणून आधी त्याला हे कळलं कुठून, ते सांगतो.

कायद्यानेच ही माहिती उघडी ठेवली आहे. कंपनीने जाहीर केलेला लाभांश भागधारकाने घेतला नाही, तर कंपनीला तो वेगळ्या खात्यात काढून ठेवावा लागतो आणि अशा भागधारकांची नावं, शेवटचा माहीत असलेला पत्ता आणि रक्कम आपल्या वेबसाईटवर टाकावी लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२४ मध्ये ही तरतूद आहे. हेतू चांगला आहे, वारसांना शोधता यावं. पण यादी वाचायला वारस असण्याची अट नाही. बँकांचंही तसंच. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही अशा खात्यांची नावं बँका आपल्या वेबसाईटवर देतात. त्यात वर्तमानपत्रातली निधन वार्ता आणि फेसबुकवरची श्रद्धांजली जोडा. तुमचं नाव, भावंडं, गाव, सगळं एका दुपारी जुळवता येतं. फोन करणाऱ्याने काही दिव्य केलेलं नाही, त्याने यादी वाचली आहे. आणि तो फक्त तुम्हालाच फोन करत नाही, यादीतल्या पुढच्या नावालाही करतो.

क्वचित माहिती आतूनही फुटते. शेअर्सच्या नोंदी ठेवणाऱ्या मुंबईतल्या एका रजिस्ट्रारवर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१६ मध्ये आदेश काढला होता. लक्ष नसलेल्या भागधारकांचे शेअर्स आणि लाभांश भलतीकडे वळवल्याचं ते प्रकरण होतं. म्हणजे सहीच्या नमुन्यासारखी यादीत नसणारी माहितीसुद्धा बाहेर जाऊ शकते. त्यामुळे ‘हे तर कुणालाच माहीत नव्हतं’ हा युक्तिवाद मी आता मनावर घेत नाही.

आता ते पत्र. तुम्ही पाठवलेलं पत्र मी मोठं करून पाहिलं. वर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह आहे, वाघ आणि ताडाचं झाड. पण वाघाच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात, कारण वेबसाईटवरचं छोटं चित्र ओढून मोठं केलंय. खाली ‘फंड रिलीज विभाग’. उजवीकडे निळा गोल शिक्का. शिक्क्याखालची छापील अक्षरं दिसायला हवीत तिथे ती झाकली गेली आहेत आणि तिरका शिक्का मारूनही आतली ओळ सरळ आहे. इंग्रजी मजकुरात मराठी आडनावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. पण हे सगळं सोडून द्या. उद्या हेच पत्र कोणी संगणकाकडून निर्दोष करून घेईल, म्हणून शिक्के आणि स्पेलिंग पाहण्याची सवय लावून घेऊ नका. पत्रातली खरी चूक वेगळी आहे: विषय शेअर्सचा आहे आणि लिहिणारी रिझर्व्ह बँक. शेअर्सशी रिझर्व्ह बँकेचा संबंधच नाही. पाणीपट्टीची थकबाकी आरटीओने मागावी, तसा हा प्रकार. कोणता पैसा कुठे जाऊन पडतो, एवढं माहीत असलं की असली पत्रं एका नजरेत गळतात. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

बँकेतल्या ठेवींपासून सुरुवात करू. खात्यावर खातेदाराने स्वतः केलेला व्यवहार दोन वर्षं झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की ती रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा करते. ही योजना २०१४ पासून आहे. लोक याला ‘पैसे सरकारने घेतले’ म्हणतात, बेवारस ठेवी म्हणतात. मला तो शब्दच आवडत नाही. वारस असतो, फक्त तो अजून आलेला नसतो. या रकमेवरचा तुमचा हक्क संपत नाही आणि दावा करायला शेवटची तारीख नाही. पंधरा वर्षांनी गेलात तरी तुमची मूळ बँकच तुम्हाला पैसे देते आणि मग ती निधीकडून वसूल करून घेते. रिझर्व्ह बँक वारसाला थेट फोन करत नाही, पत्र पाठवत नाही, पैसे देत नाही. ‘महिनाअखेरपर्यंत’ हे शब्द ऐकलेत की तिथेच फोन ठेवायला हरकत नाही.

रकमेचाही अंदाज घ्या. व्याज मिळणाऱ्या ठेवीवर या निधीत मे २०२१ पासून वर्षाला ३ टक्के सरळ व्याज आहे. वीस हजारांवर वर्षाला सहाशे रुपये. एका आजींना वीस हजारांच्या जुन्या ठेवीचे ‘आता साडेसात लाख झालेत’ असं सांगण्यात आलं होतं. मी पाठकोऱ्या कागदावर त्यांना आकडेमोड करून दाखवली. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘एवढं व्याज बँक देत असती तर आम्ही गरीब कशाला राहिलो असतो?’ शेअर्सचं मात्र तसं नसतं. बोनस शेअर्स मिळत आणि एका शेअरचे अनेक होत जुन्या शंभर शेअर्सचे खरंच काही लाख होऊ शकतात. हल्लीच्या फोनमध्ये ठेवींपेक्षा शेअर्सच जास्त ऐकू येतात ते यामुळेच, मोठा आकडा तिथे पटतो.

ठेव शोधायची असेल तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेलं ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे. तीस बँका त्यावर आहेत आणि निधीतल्या ठेवींपैकी रकमेने सुमारे नव्वद टक्के त्यांच्याकडच्या आहेत. नाव आणि पॅन, जन्मतारीख, मतदार ओळखपत्र यांपैकी एखादी गोष्ट टाकली की शोध होतो, फुकट. तिथे फक्त शोध होतो, पैशाचा दावा शाखेतच करायचा. पोर्टलचा पत्ता रिझर्व्ह बँकेच्या ‘आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या पत्त्याखालीच आहे. तो स्वतः टाईप करा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. उद्गमवर न मिळालेली ठेव नाहीच असं मात्र समजू नका. छोट्या सहकारी बँका तिथे सापडतीलच असं नाही आणि पतसंस्था तर बँकच नव्हे, तिथे पासबुक घेऊन प्रत्यक्ष जावं लागतं. जुन्या पासबुकावरची बँक आज नसेल तर घाबरू नका: देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. दावा नव्या बँकेत लागतो. ‘बँक बुडाली, पैसे आमच्या कंपनीकडे वर्ग झालेत’ अशी थापही लोकांना मारली गेली आहे.

शेअर्स आणि लाभांशाची वाट वेगळी. सात वर्षं लाभांश घेतला नाही की तो आणि सलग सात वर्षं न घेतलेल्यांचे शेअर्ससुद्धा गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. बोलताना सगळे आयईपीएफ म्हणतात. हे प्राधिकरण कंपनी व्यवहार मंत्रालयाखाली येतं. इथेही दाव्याला मुदत नाही. दाव्याचा अर्ज आयईपीएफ-५ आणि त्याला सरकारी फी शून्य. हे नीट लक्षात घ्या, कारण तुमच्याकडे मागितलेले १८,५०० ‘फाईल उघडण्याचे’ होते. आधी कंपनीकडून किंवा तिच्या रजिस्ट्रारकडून हक्काचं पत्र घ्यायचं, मग ऑनलाईन अर्ज, मग कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे), मग कंपनीचा पडताळणी अहवाल, मग प्राधिकरणाची मंजुरी. हे सगळं व्हायला महिने लागतात, कधी वर्षही. शेवटी शेअर्स येतात ते दावेदाराच्या स्वतःच्या डिमॅट खात्यात (शेअर्स ठेवण्याच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात) आणि लाभांश येतो आधारशी जोडलेल्या स्वतःच्या बँक खात्यात. मध्ये दुसऱ्या कुणाचं खातं येत नाही.

विम्याचं थोडक्यात. प्रत्येक विमा कंपनीला दावा न झालेल्या रकमा शोधण्याची सोय वेबसाईटवर द्यावी लागते. दहा वर्षांनंतर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि तिथे गेल्यावरही पुढची पंचवीस वर्षं दावा करता येतो. ‘आयआरडीएआयमधून (म्हणजे विमा नियामकाकडून) बोलतोय, तुमच्या वडिलांच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय’ हा फोन तर इतका जुना आहे की विम्याच्या जाहिरातींखाली छापावं लागतं: आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, असा फोन आला तर पोलिसांत तक्रार करा. म्युच्युअल फंडांसाठी २०२५ पासून ‘मित्र’ नावाची शोधसुविधा आहे.

आता पैसे मागण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण फसवणुकीचं मर्म तिथे आहे. पहिली रक्कम नेहमी सोसवेल अशी असते. अकरा लाखांपुढे १८,५०० म्हणजे काय! ते भरले की दोन दिवसांनी ‘टीडीएस’ निघतो, चाळीस हजार. मग ‘एनओसी’. मग ‘नावात तफावत, प्रतिज्ञापत्राचा दंड’. मग ‘रक्कम सुटली होती, पण रिझर्व्ह बँकेने रोखली’. प्रत्येक टप्प्याला माणूस आधी भरलेल्या पैशांकडे बघून पुढचे भरतो. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी वहीत सगळं तारीखवार लिहिलं होतं, अक्षर सुरेख, अकरा नोंदी. सातव्या नोंदीपुढे कंसात लिहिलेलं, ‘शेवटचे’. आठवीपुढेही तेच. ती वही पाहून मला काय बोलावं ते सुचेना.

यावर माझी एकच तपासणी आहे आणि ती मी सगळ्यांना करायला सांगतो. फोनवाल्याला म्हणायचं, ‘चालेल, तुमचे जे काही चार्जेस असतील ते अकरा लाखांतून कापून घ्या आणि उरलेले पाठवा.’ खरा कर असाच कापला जातो. टीडीएस या शब्दाचा अर्थच मुळी देतानाच कापलेला कर असा आहे. बँकेला काही घ्यायचं असेल तर ती रकमेतूनच घेते. हे वाक्य ऐकलं की पलीकडचा आवाज बदलतो. ‘नियमात बसत नाही’, ‘सिस्टीम अलाऊ करत नाही’, ‘तुम्हाला पैसे नको असतील तर सांगा’. एकदा माझ्यासमोर स्पीकरवर असा संवाद झाला. आधी ‘सर, सर’ म्हणणारा माणूस मिनिटभरात ‘तुमच्यासारख्यांमुळेच देश मागे आहे’ इथपर्यंत पोचला!

‘वारसा कर भरा’ असं कोणी म्हणालं तर आणखी सोपं. भारतात वारसा कर नाही. पूर्वी इस्टेट ड्यूटी होती, ती १९८५ मध्ये रद्द झाली. वारसाने मिळालेल्या रकमेवर प्राप्तिकरही नाही. त्यावर पुढे मिळणाऱ्या व्याजावर किंवा शेअर्स विकल्यावरच्या नफ्यावर कर लागेल, पण तो तुम्ही तुमच्या विवरणपत्रात भराल, यूपीआयने कुणा ‘लिगल सेल’च्या खात्यात नव्हे. आणि पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. मोबाईलवर ‘क्लेम फॉर्म’ म्हणून एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं, तर ती फी मागण्यापेक्षाही वाईट बातमी समजा.

मग खरा खर्च काहीच नसतो का? असतो. नॉमिनी असेल तर जवळपास शून्य: मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, बँकेचा अर्ज. नॉमिनी नसेल तर स्टॅम्प पेपर, नोटरी, हमीपत्र. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत व्यापारी बँकांसाठी पंधरा लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांसाठी पाच लाखांपर्यंत दावा सोप्या कागदांवर निकाली काढायला सांगितलंय आणि सगळे कागद मिळाल्यावर पंधरा दिवसांची मुदत घातली आहे. त्यावरची रक्कम असेल किंवा वारसांत वाद असेल तर कोर्टाचे कागद लागू शकतात. सक्सेशन सर्टिफिकेट हे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली, तर आपल्याकडचा वारस दाखला अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली निघतो. हो, १८२७. तिथे कोर्ट फी, वकिलांची फी, वर्तमानपत्रातली नोटीस असा खर्च येतो. पण तो कोर्टात किंवा ओळखीच्या वकिलाकडे, पावती घेऊन. अनोळखी माणूस व्हॉट्सॲपवर ‘सक्सेशन सर्टिफिकेट करून देतो, तुम्हाला कोर्टात यायची गरज नाही’ म्हणत असेल तर तो बनावट कागद करणार आहे आणि तो बनावट कागद वापरणारे तुम्ही ठराल.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टक्केवारीवर शेअर्स सोडवून देणारे सगळेच भामटे नसतात. काही खरंच कागदपत्रं करतात, आणि आयईपीएफची वाट पाहून कंटाळलेल्या माणसाला ते सोयीचंही वाटतं. तरी दोन गोष्टी पाळा. आगाऊ पैसे नकोत, शेअर्स खात्यात आल्यावरच फी. आणि कोऱ्या कागदावर, डिमॅटमधले शेअर्स दुसऱ्याला देण्याच्या कोऱ्या डिलिव्हरी स्लिपवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर सही नको. वीस-पंचवीस टक्के मागणाऱ्यांशी घासाघीस करण्याआधी स्वतः किंवा ओळखीच्या सीएकडून एकदा प्रयत्न करून बघा, असं माझं मत. काम किचकट आहे, अवघड नाही. सरकारने असा ‘आयईपीएफचा अधिकृत एजंट’ नेमलेला नसतो, हेही लक्षात असू द्या.

परदेशातल्या वारशाचा प्रकार वेगळ्या घाटाचा. लंडनच्या बॅरिस्टरचा मेल येतो: तुमच्याच आडनावाचा एक श्रीमंत माणूस अपघातात गेला, जवळचं कोणी नाही, चाळीस लाख पौंड पडून आहेत, तुम्ही वारस म्हणून उभे राहा, अर्धे-अर्धे वाटून घेऊ. नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या कलमावरून याला जगभर ‘४१९’ म्हणतात, पण युक्ती त्याहून फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या तुरुंगातल्या कैद्याच्या नावाने अशीच पत्रं युरोपात फिरत. मला त्यातला एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. इथे तुम्हाला खोटा वारस व्हायला सांगितलेलं असतं. म्हणजे पैसे गेल्यावर पोलिसांत जायला तुम्हीच कचरणार, हे त्याने आधीच जमवलेलं असतं. परदेशात खरंच कोणी नातलग वारला असेल तर शोधायच्या जागा उघड आहेत. ब्रिटनमध्ये वारस न सापडलेल्या मालमत्तांचं काम तिथलं सरकारी कायदा खातं पाहतं, अमेरिकेत हे काम प्रत्येक राज्य सरकार करतं आणि शोध फुकट असतो.

आता जरा अवघड विषय. फोनवर येणाऱ्यांपेक्षा मोठ्या रकमा मी घरातल्या घरात जाताना पाहिल्यात. दाव्याच्या प्रतिज्ञापत्रात वारसांची नावं लिहायची असतात, त्यात बहिणींची नावं गाळली जातात. कधी सरळ खोटेपणाने, कधी ‘त्यांना काय करायचंय, त्या सासरी सुखात आहेत’ म्हणून. काउंटरवर बसून मी विचारायचो, ‘वडिलांना मुली नाहीत?’ आणि समोरचा चपापायचा. सही करणाऱ्या साक्षीदारांनाही आपण काय लिहून दिलंय हे माहीत नसायचं. जमिनीत तर हे सर्रास चालतं. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज एक भाऊ देतो, आणि नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी मिळणारे पंधरा दिवस पुण्या-मुंबईत राहणाऱ्या बहिणीला कळण्याआधी उलटतात. म्हणून सातबारा आणि फेरफार अधूनमधून ऑनलाईन पाहत चला, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. ‘एक सही दे, बँकेचं काम आहे’ म्हणून पुढे केलेला कागद हक्कसोड पत्राचा निघाल्याची उदाहरणं तुमच्याही नात्यात असतील.

नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमजही इथेच वापरला जातो. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. विम्याबाबत सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय. (विम्यात पुढे कायदा बदलला आणि पती-पत्नी, आई-वडील, मुलं नॉमिनी असतील तर २०१५ पासून नियम वेगळा आहे, पण तो वेगळा विषय.) आणि कोणी ‘त्यांचं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडे आहे’ म्हणून मयताचं खातं चालवत असेल, तर माणूस गेला त्या क्षणी ते पत्र संपलं. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढणारी घरं मी शेकड्यांनी पाहिलीत. हेतू वाईट नसतो, तेराव्याचा खर्च असतो. पण पुढे वाद झाला की त्या नोंदी अडचणीच्या ठरतात.

पैसे आधीच भरले असतील तर हे थांबून वाचू नका, १९३० ला फोन करा. राष्ट्रीय सायबर हेल्पलाईन आहे ती. तक्रार नोंदली की रक्कम ज्या खात्यात गेली ते गोठवायचा प्रयत्न होतो आणि त्यात तास मोजले जातात, दिवस नव्हे. मग आपल्या बँकेला लेखी कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार द्या. चॅट पुसू नका. लाजेपोटी पहिल्यांदा तेच केलं जातं आणि पुरावा जातो. कटू भाग असा की पैसे तुम्ही स्वतः पाठवले असतील तर बँकेवर जबाबदारी टाकता येणं कठीण, मिळाले तर ते गोठवलेल्या खात्यातूनच. आधार, पॅन, सहीचा नमुना पाठवला असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावे किती सिमकार्डं आहेत ते पाहा आणि दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून आपल्या नावावर कर्ज निघालंय का ते तपासा. आणि थोड्या दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा फोन येईल. तो बहुधा त्याच टोळीचा असतो, यादी त्यांच्याकडे आहेच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर अजून काही भरलेलं नाही, हे बरं झालं. आधार कार्डाचा फोटो पाठवला असं लिहिलंत, तर वरचं बायोमेट्रिक लॉकचं काम आजच करा. नंबर ब्लॉक करण्याआधी त्याचा आणि पत्राचा स्क्रीनशॉट घ्या, पोर्टलवर तक्रार देताना लागेल. मग वडिलांची जुनी ट्रंक किंवा फाईल काढा: शेअर सर्टिफिकेट, लाभांशाची जुनी पाकिटं, बँकेची स्टेटमेंट. आणि त्या माणसाने सांगितलेला फोलिओ नंबर टाकून देऊ नका. कंपनीच्या वेबसाईटवर आयईपीएफच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि मेल असतो, त्यावर वडिलांचं नाव, तो फोलिओ नंबर आणि मृत्यूचा दाखला पाठवून विचारा की या फोलिओत आज काय आहे. नंबर खरा निघाला, तर शोधायचं अर्धं काम त्या गृहस्थांनी फुकटात केलंय.